ठाण्याच्या वहीतून शाळेच्या पटावर

जून लागला की धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीबाहेर, एक दृश्य हमखास दिसतं. टायपिंगच्या टेबलापाशी एक म्हातारा, एक बाई आणि नुकतंच बारावी झालेलं एक पोर उभं असतं. बाईच्या हातात प्लास्टिकची पिशवी. तिच्यात रेशनकार्ड, आधार, पोराची मार्कलिस्ट आणि घड्यांवर फाटत आलेले दोन-तीन जुने अर्ज. टेबलामागचा माणूस मान वर न करता विचारतो, ‘एकसष्टच्या आधीचा पुरावा हाय का?’

विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ हा मानीव दिनांक आहे. त्या दिवशी किंवा त्याआधी आपलं घराणं महाराष्ट्रात राहत होतं, हे कागदाने दाखवावं लागतं. कागद म्हणजे शक्यतो आज्या-पणज्याचा शाळेचा निर्गम उतारा, नाहीतर महसुली नोंद. आता या म्हाताऱ्याच्या बापाने शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. सातबाऱ्यावर त्याचं नाव असण्याचा प्रश्नच नाही. तो पालात राहिला, आज या शिवारात तर उद्या त्या. सरकारदरबारी त्याचं नाव लिहिलेलं असेलच तर ते एकाच ठिकाणी असायचं : पोलीस ठाण्यात. शाळेने ज्याला पटावर घेतलं नाही, तलाठ्याने ज्याला उताऱ्यावर घेतलं नाही, त्याला ठाण्याने मात्र न चुकता वहीत घेतलं. ती वही दाखल्याला जोडता येत नाही.

ज्या माणसाच्या कामाची ओळख पुढच्या पानांतून करून द्यायची आहे, त्याच्या आयुष्याचं सूत्र मला या एका अडचणीत दिसतं. माणसाचं नाव कुठल्या वहीत लिहिलं जातं आणि ते तिथून दुसऱ्या वहीत कसं नेता येतं, एवढ्या एका खटाटोपात लक्ष्मण गायकवाड यांनी आयुष्य घातलं. लेखक म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. ‘उचल्या’ हे त्यांचं आत्मकथन १९८७ साली आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण ते पुस्तक हाही त्यांच्या सार्वजनिक कामाचाच एक भाग होता. ही प्रस्तावना म्हणूनच पुस्तकापेक्षा जास्त त्या कामाविषयी आहे.

हे सगळं धाराशिवात बसून का सांगायचं? गायकवाडांचं गाव धनेगाव, तालुका लातूर. आज ते लातूर जिल्ह्यात मोडतं. पण लातूर जिल्हा झाला १९८२ साली. त्याआधी हा सगळा मुलूख उस्मानाबाद जिल्हा होता. ज्या बालपणाची हकिकत ‘उचल्या’त आहे, ते बालपण त्या जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं. पुढे २०२३ साली उस्मानाबादचं धाराशिव झालं. शासनाची अधिसूचना निघाली, पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, एसटीवरचे फलक बदलले. जिल्ह्याचं नाव बदलणंही सोपं नव्हतं, त्यालाही वर्षं लागली. पण एका जमातीला चिकटवलेलं नाव काढायला किती वर्षं लागतात, याचा हिशोब अजून पुरा झालेला नाही.

‘उचल्या’ हा शब्दच बघा. ही माणसं स्वतःला पाथरुट म्हणत. शासनाच्या यादीत ‘भामटा’ या नोंदीखाली पाथरुट, टकारी, उचले, घंटीचोर अशी नावं एका ओळीत सापडतात. शिवी कुठे संपते आणि जात कुठे सुरू होते, हे त्या ओळीवरून कळत नाही. उचल्या म्हणजे हातचलाखीने वस्तू उचलणारा. पण याच क्रियापदाचे आमच्या भागात आणखी दोन अर्थ रोज कानावर पडतात. गावात चोरी झाली की पोलीस पालावरच्या माणसाला ‘उचलून नेतात’. आणि दसरा-दिवाळी झाली की तांड्यावरची जोडपी मुकादमाकडून ‘उचल’ घेऊन उसाच्या फडावर जातात. ज्यांना उचले म्हटलं, त्यांनी उचललं त्यापेक्षा त्यांना उचललं गेलं ते जास्त. नावावर मात्र एकच अर्थ चढला.

हा अर्थ कायद्याने चढवला. १२ ऑक्टोबर १८७१ रोजी ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो आधी उत्तरेत लागू झाला, १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यासह इतरत्र पसरला आणि १९२४ मध्ये त्याचं एकत्रीकरण झालं. एखादी जमातच्या जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर करायची. मग त्यातल्या माणसांची नोंदणी, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडायचं तर परवाना, आणि काहींना तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये डांबणं. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांची मुलं आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवण्याचीही मुभा दिली. इथे गुन्हा सिद्ध करावा लागत नसे. जन्म पुरेसा होता. आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, पण तिथेही बंदोबस्त याच धर्तीचा. शेजारच्या सोलापुरात आजही एका वस्तीचं नाव ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ आहे. कुंपण गेलं, तारा गेल्या. पत्त्यातून शब्द मात्र गेला नाही.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. सव्वाशेवर जमाती ‘विमुक्त’ झाल्या. भटके विमुक्त तो दिवस ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळतात. स्वातंत्र्य पाच वर्षं सोळा दिवस उशिरा आलं, असं त्या दिवशीच्या सभांतून सांगितलं जातं. पण कायदा गेला तरी त्याची सवय राहिली. मुंबई राज्याने १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. त्यात जमातीचं नाव नाही, माणसाचं नाव आहे. तत्त्वतः हा मोठाच फरक. प्रत्यक्षात ठाण्याची वही बदलली, वहीतली आडनावं फारशी बदलली नाहीत.

या पार्श्वभूमीवर धनेगावातल्या एका पोराचं शाळेत जाणं वाचावं लागतं. ‘उचल्या’तला तो भाग मी कितीदा वाचला असेल, सांगता येत नाही. घरात आजोबांच्या पिढीला पोलिसांची हजेरी. रात्री-बेरात्री झडती. पोरांना धंदा शिकवायचा तो मारून मारून, म्हणजे पुढे पोलिसांनी मारलं तरी ती बोलायची नाहीत. अशा घरातला बाप एका पोराचं नाव शाळेत घालतो. गावातली लेकरं आजारी पडतात तेव्हा खापर फुटतं ते पाथरुटाचं पोर शाळेत बसलं यावर. गाव बापाला सांगतं, काढ त्याला. आणि बाप काढत नाही.

त्या बापाच्या हट्टापाशी मी दर वेळी थांबतो. त्याने मोर्चा काढला नाही, निवेदन दिलं नाही. आपल्या पोराचं नाव एका वहीतून दुसऱ्या वहीत गेलं पाहिजे, एवढंच त्याला कळलं होतं आणि तो तिथून हलला नाही. पुढे मुलाने जे जे केलं, ते या हट्टाचंच वाढवलेलं रूप. लातूरच्या सूतगिरणीत नोकरी, तिथे कामगारांची संघटना, त्यापायी गेलेली नोकरी, पोटासाठी केलेले लहानसहान धंदे आणि मग गावोगावच्या पालांवर फिरून उभी केलेली भटक्या विमुक्तांची संघटना. ‘मला न्याय द्या’ इथून ‘आम्हाला मोजा’ इथपर्यंतचा हा प्रवास आहे.

मराठीत याआधी एक वाट पडली होती. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० साली आलं, त्यालाही पुढच्या वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कैकाडी समाजाचं जगणं त्याने मराठी वाचकापुढे ठेवलं. ‘उचल्या’ने त्यापुढचं एक अवघड काम केलं. कायद्याने ज्याला गुन्हेगार ठरवलं, त्या घराने चोरी केलीच नाही असा बचाव त्याने केला नाही. केली, आणि दुसरं काही करू दिलं नाही, हे दोन्ही एका दमात सांगितलं. जमातीच्या आतली दुखणीही झाकली नाहीत. वकील असं बोलत नाही, साक्षीदार बोलतो. या साक्षीमुळेच पुढे कोर्टकचेऱ्यांच्या आणि आयोगांच्या पातळीवर त्यांच्या शब्दाला वजन आलं, असं मला वाटतं.

ते पर्व सुरू झालं १९९८ साली. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत पश्चिम बंगालच्या पुरुलियात बुधन शबर हा खेडिया शबर जमातीचा तरुण कोठडीत मेला. महाश्वेता देवींनी ते प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात नेलं. मार्चमध्ये बडोद्यात महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून विमुक्त आणि भटक्या जमातींच्या हक्कांसाठी एक राष्ट्रीय कृतिगट उभा केला. बंगाली लेखिका, गुजरातेत राहणारा मराठी प्राध्यापक आणि मराठवाड्यातला पाथरुट. ‘बुधन’ नावाचं पत्रक निघू लागलं. त्याच वर्षी बारामतीत एका पारधी माणसाचा कोठडीत मृत्यू झाला आणि पुरुलियाचं दुःख महाराष्ट्राला परकं नाही हे उघड झालं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे अर्ज गेले. २००० साली आयोगाने सराईत गुन्हेगारांचे कायदे रद्द करावेत अशी शिफारस केली. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनेही भारताला तेच सांगितलं.

शिफारस म्हणजे कायदा नव्हे, हे खरं. पण कायद्याची चूक कुठवर जाऊ शकते याचं एक उदाहरण याच राज्यातलं आहे. जालना जिल्ह्यात २००३ साली दरोडा, बलात्कार आणि खून असा एक भयंकर गुन्हा घडला. भटक्या जमातीतल्या सहा जणांना धरलं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच न्यायालयाने स्वतःचा निकाल फिरवून सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला राज्याला सांगितलं. सोळा वर्षं तुरुंगात गेली होती. आपली चूक झाली असं देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच निकालाबद्दल म्हणणं ही सोपी गोष्ट नाही. समेट या शब्दाला काही अर्थ असेल तर त्याची पहिली पायरी हीच.

हा शब्द मी जपून वापरतो आहे. मराठीत समेट म्हटलं की दोन भांडणारे, थोडं याचं चुकलं, थोडं त्याचं चुकलं आणि मध्ये चार पंच असं चित्र उभं राहतं. इथे तसं नाही. जगात इतरत्र या शब्दाला वेगळा अर्थ आलेला आहे. कॅनडात मूलनिवासींची सुमारे दीड लाख मुलं आईबापांपासून तोडून निवासी शाळांत घातली गेली. त्या अन्यायाची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाचे अध्यक्ष होते मरे सिंक्लेअर. स्वतः मूलनिवासी, मॅनिटोबा प्रांतातले पहिले मूलनिवासी न्यायाधीश. सहा वर्षं त्यांच्या आयोगाने साडेसहा हजारांहून जास्त माणसांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि २०१५ साली शासनापुढे ९४ कलमी कार्यक्रम ठेवला. ते २०२४ च्या नोव्हेंबरात गेले. त्यांची आणि गायकवाडांची वाट एक नाही. एकजण न्यायासनावर बसला, दुसरा न्यायासनापुढे उभा राहिला. पण आधी सगळं ऐका, लिहून घ्या, मग बोला, हा क्रम दोघांचा एकच.

२००८ हे वर्ष यासाठी लक्षात ठेवण्यासारखं. फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी संसदेत मूलनिवासींची माफी मागितली, जूनमध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी. आणि त्याच वर्षी आपल्याकडे भटक्या विमुक्तांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाने आपला अहवाल केंद्र सरकारला दिला. अध्यक्ष होते सोलापूरचे बाळकृष्ण रेणके, गोंधळी समाजात जन्मलेले. तिकडे माफी, इकडे अहवाल. १९५२ साली कायदा मोडीत काढताना आपण या लोकांना ‘मुक्त’ म्हटलं, पण ‘चुकलो’ म्हटलं नाही. नंतर भिकू रामजी इदाते यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा आयोग आला, २०१९ मध्ये केंद्राने कल्याण मंडळ नेमलं आणि २०२२ मध्ये पाच वर्षांसाठी दोनशे कोटींची योजना जाहीर झाली. विमुक्त, भटके आणि अर्धभटके मिळून देशात कोट्यवधी माणसं आहेत. दोनशे कोटींचा भागाकार ज्याने त्याने करून पाहावा.

रेणके गोंधळी असणं आमच्या जिल्ह्याला फार जवळचं आहे. तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ घालायचा तर कदमराई गोंधळी लागतो. लग्न झालं, मूल झालं की संबळ आणि दिवटी घेऊन तो दारात यावाच लागतो. आराधी, पोतराज, वासुदेव यांच्याशिवाय आमचे सण पुरे होत नाहीत. ओसरीवर ज्याला मानाने बसवतो त्याच्या पालाकडे मात्र आपण संध्याकाळनंतर संशयाने बघतो. तुळजापूर तालुक्यातच यमगरवाडीला १९९३ पासून पारधी आणि इतर भटक्या समाजांच्या मुलांसाठी निवासी शाळा चालते. ते काम उभं करणाऱ्यांत असलेल्या गिरीश प्रभुणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. ती माणसं एका विचाराची, गायकवाडांची चळवळ दुसऱ्या विचाराची. दोघांत मतभेद आहेत आणि ते खरे आहेत. पण पोराचं नाव पटावर आलं पाहिजे, या एका मुद्द्यावर दोन्ही टोकांची माणसं एकाच रस्त्याला लागतात. माझ्या जिल्ह्यात मला दिसलेला सलोखा असा आहे.

वाचकाने एका घोटाळ्यापासून सावध राहावं. या मंडळींना आदिवासी म्हणायचं की नाही, हा प्रश्न पुढे वारंवार येईल आणि त्याचं सरळ उत्तर मिळणार नाही. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहेत; राजपारधी आणि पालपारधी विमुक्त जातींत. बंजारा समाज आपल्याकडे विमुक्त जातीत, नळदुर्गच्या पुढे सीमा ओलांडून कर्नाटकात गेला की अनुसूचित जातीत आणि तेलंगणात अनुसूचित जमातीत. माणूस तोच, बोली तीच, तांडा तोच. वही बदलली की हक्क बदलतो. याद्या अशा विस्कळीत राहिल्या याचं एक कारण म्हणजे ज्यांची यादी करायची त्यांना विचारून ती क्वचितच झाली.

दुसरी सावधगिरी गायकवाडांविषयीच. ‘बिचारा शिकला आणि मोठा झाला’ अशी ही गोष्ट वाचू नये. एक शिकला म्हणून जमात सुटत नाही, हे ते स्वतः आयुष्यभर सांगत आले. ‘वडार वेदना’ लिहिताना ते शेजारच्या जमातीकडे वळले, ‘वकिल्या पारधी’ लिहिताना पारध्यांकडे. आपल्या घराच्या दुःखावर पुस्तक लिहून थांबणारे पुष्कळ असतात. शेजारच्या पालाचं दुःख आपल्या अंगावर घेणारा विरळा.

आणि एक बातमी, जी त्या जुन्या वहीची आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या अर्जावर निकाल दिला. तुरुंगात जातीवरून कामं वाटण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली, विमुक्त जमातींच्या माणसांकडे जन्मजात सराईत म्हणून बघण्याच्या रीतीवर कडक ताशेरे ओढले आणि कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं. १८७१ साली जो रकाना आखला गेला, त्यावर दीडशे वर्षांनी काट मारली गेली. निदान एका वहीत.

आता पुन्हा त्या कचेरीबाहेरच्या टेबलापाशी येऊ. पुरावा नसलेल्या भटक्या विमुक्तांसाठी शासनाने एक वाट ठेवलेली आहे, तिला गृहचौकशी म्हणतात. सरकारी माणसाने वस्तीवर जायचं, बसायचं, विचारायचं, चार शेजाऱ्यांकडून खात्री करायची आणि अहवाल लिहायचा. त्यावर दाखला मिळू शकतो. नियम आहे, तो वापरला जातो किती, ते त्या पिशवीतल्या जुन्या अर्जांवरून समजतं. पण जिथे तो वापरला जातो तिथे एक साधी गोष्ट घडते. दोन-तीन पिढ्या सरकार पालावर आलं ते झडतीला. भांडी उपडी झाली, गोधड्या फेकल्या गेल्या, माणसं उचलली गेली. आता तेच सरकार वही घेऊन येतं आणि म्हाताऱ्याला विचारतं, ‘बाबा, तुमचं नाव काय? वडिलांचं? कुठकुठं राहिलात?’

झडती आणि चौकशी या दोन शब्दांत जेवढं अंतर आहे, तेवढं चालून जायला लक्ष्मण गायकवाडांच्या पिढीचं आयुष्य लागलं. ते अंतर अजून पुरतं कापून झालेलं नाही. पुढची पानं वाचताना वाचकाने आपल्या गावाबाहेरची पालं डोळ्यांपुढे ठेवावीत, एवढीच विनंती.